मुठीला टाकी: वाचकांचे प्रश्न

पिस्तुलाच्या नळीबद्दल आणि गोळीबद्दल बोलायला सगळे तयार असतात, मुठीबद्दल विचारणारे थोडे. म्हणून पॉलिमर पिस्तुलाची मूठ खडबडीत करण्याबद्दल, म्हणजेच स्टिपलिंगबद्दल, प्रश्न पाठवा असं आवाहन संपादकांनी छापलं तेव्हा दोन-तीन पत्रं येतील असं वाटलं होतं. ढीग आला.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख. मी मूळची इचलकरंजीची. डिप्लोमा करून भोसरीच्या एका टूलरूममध्ये इंजेक्शन मोल्ड, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबून भरायचे साचे, बनवायला शिकले, लग्नानंतर ॲरिझोनाला आले आणि आता मेसा शहरात एका परवानाधारक गनस्मिथकडे कामाला आहे. पोलादाचं काम दुकानात दुसरे बघतात, प्लास्टिक माझ्या टेबलावर येतं. पाट्याला टाकी लावतात तसंच हे काम, फक्त छिन्नीच्या जागी तापलेलं टोक. पत्रं जागेअभावी कापली आहेत, राग मानू नये.

प्रश्न: ताई, माझ्याकडे तिसऱ्या पिढीचं ग्लॉक १९ आहे. हात फार घामेजतात. नेमबाजीच्या रेंजवर दहा-बारा गोळ्या झाल्या की पिस्तूल मुठीत फिरतं आणि पकड नव्याने घ्यावी लागते. सोल्डरिंग आयर्नने घरच्या घरी ठिपके पाडल्याचे व्हिडिओ पाहिले. आयर्न गॅरेजमध्ये पडलेलंच आहे. करू का?
— अ. कु., ह्यूस्टन

उत्तर: करा. स्वतःच्या पिस्तुलाच्या मुठीवर स्वतः काम करायला फेडरल कायद्याची आडकाठी नाही. कंपनीची वॉरंटी मात्र गेली असं समजूनच हात घाला. आणि आयर्नचा प्लग लावायच्या आधी नेमकं कुठे घसरतंय ते शोधा.

त्याची सोपी युक्ती सांगते. रेंजवर जाताना मुलांच्या पाटीवरचा खडू न्या. दोन्ही तळव्यांना चोळा, नेहमीसारखी पकड घ्या, पाच-सहा गोळ्या झाडा. मग पिस्तूल रिकामं करा, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा, बघा आणि मूठ उजेडात धरा. जिथे खडूचा ठसा जसाच्या तसा उमटलाय तिथे हात स्थिर आहे. जिथे तो फरफटलाय तिथे हात घसरतोय. उजव्या हाताने झाडणाऱ्यांच्या बाबतीत हा फरफटलेला भाग बहुतेक वेळा मुठीच्या डाव्या अंगाला असतो, जिथे डाव्या तळव्याची गादी येऊन टेकते. लोक नेमका तोच भाग सोडतात आणि पाठीमागच्या पट्टीवर तासन्‌तास ठिपके पाडत बसतात, कारण फोटोत ती छान दिसते. तिथे तर उजव्या हाताची पकड आधीच घट्ट असते!

आता हे कारखान्यातच का करून देत नाहीत, हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारतं. मोल्डचं काम केलेल्या माणसाला उत्तर माहीत असतं. फ्रेम, म्हणजे मुठीसकट पिस्तुलाचा खालचा प्लास्टिकचा सांगाडा, मोल्डमधून बाहेर यावी लागते. भिंतीवर जेवढा खोल पोत द्याल तेवढा भिंतीला जास्त उतार द्यावा लागतो, नाहीतर भाग बाहेर येताना पोत खरवडून निघतो किंवा भाग मोल्डमध्येच अडकतो. आमच्या टूलरूममध्ये ढोबळ हिशोब असा होता: पोताच्या प्रत्येक ०.०२५ मिलिमीटर खोलीला एक ते दीड अंश जादा उतार. मुठीच्या बाजू जवळजवळ सरळ ठेवायच्या, म्हणून पोत उथळ. शिवाय एकच माल कोरड्या हाताच्या पोलिसालाही विकायचा आणि तुमच्यासारख्या घामट हातालाही. ग्लॉकने २००९ मध्ये एकदा चांगला काटेरी पोत काढला होता, बारीक काट्यांचं शेतच. काहींना तो फार आवडला, काहींचे शर्ट फाटले. पुढच्याच वर्षी चौथी पिढी आली ती मवाळ पोत घेऊन. हाताने पाडलेल्या ठिपक्याला हा मोल्डचा नियम लागू नाही. टोक तिरकं घालून काठ उचलता येतो, आणि पकड त्या उचललेल्या काठामुळेच येते.

तरीही पहिली पायरी म्हणून चिकटपट्टी लावा. मुठीच्या आकाराला कापलेल्या खरखरीत ग्रिप टेप मिळतात, खर्च किरकोळ. खडूने दाखवलेल्या जागीच लावा आणि महिनाभर वापरा. ह्यूस्टनच्या दमटपणात कडा सुटायला लागतील, पण तोवर तुम्हाला कुठे किती खडबडीत हवं ते कळलेलं असेल. गिर्यारोहक वापरतात तो द्रव खडूही घामट हातांना चांगला. या दोन गोष्टींनी भागलं तर आयर्न आहे तिथेच राहू द्या.

नाही भागलं, तर पुढचं वाचा.

दारूगोळा दुसऱ्या खोलीत. मॅगझीन, म्हणजे मुठीत सरकवायची गोळ्यांची डबी, काढा, चेंबर डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. ग्लॉक उघडताना ट्रिगर ओढावा लागतो, आणि अपघात नेमके तिथेच होतात, म्हणून पुन्हा एकदा बघा. स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा पोलादी भाग, काढा, ट्रिगरचे भाग आणि मॅगझीन कॅच, म्हणजे मॅगझीन धरून ठेवणारं बटण, तेसुद्धा काढा. टेबलावर फक्त प्लास्टिकची फ्रेम राहिली पाहिजे.

पहिला हात फ्रेमवर चालवू नका. एखादं जुनं पॉलिमर मॅगझीन किंवा त्याच जातीच्या प्लास्टिकचा तुकडा घ्या आणि त्यावर हात बसेपर्यंत ठिपके पाडा. बहुतेक फ्रेम नायलॉनच्या कुळातल्या असतात. नायलॉन ६ साधारण २२० अंश सेल्सिअसला वितळतं. टोकाचं तापमान त्याच्या बरंच वर गेलं की प्लास्टिक चमकायला लागतं, टोक उचलताना तार सुटते आणि जळका वास येतो. कमी असलं तर टोक ओढत जातं, ठिपक्याऐवजी ओरखडा पडतो. म्हणून तापमान फिरवून ठेवता येणारं आयर्नच घ्या. गॅरेजमध्ये पडलेलं साधं असेल, तर ते रेडिओ दुरुस्तीला ठेवा. गॅरेजचं दार उघडं आणि पंखा तुमच्याकडून बाहेरच्या दिशेने, तो धूर नाकात घ्यायचा नाही.

आधी हद्द आखा. मास्किंग टेप लावून कडेची रेघ बारीक टोकाने कोरून घ्या. काम घरगुती आहे की सरावाच्या हातचं, ते या कडेवरून ओळखू येतं. हद्दीच्या आतला कारखान्याचा पोत पॉलिश पेपरने घासून सपाट करा, ओला पेपर वापरा आणि मास्क लावा, कारण बऱ्याच फ्रेमच्या नायलॉनमध्ये काचतंतू असतात आणि ती धूळ खाज आणते. तिसऱ्या पिढीच्या पुढच्या पट्टीवर बोटांचे खड्डे आहेत. ते तुमच्या बोटांच्या मापाचे नसतील तर उंचवटे याच वेळी घासून टाका. मग ठिपके. ओळीत नको, विस्कळीत पाडा. एकसारखी जाळी काढायला गेलात तर एक ठिपका चुकला की नजर तिथेच जाते, विस्कळीत कामात चूक खपते.

आता कुठे थांबायचं. मॅगझीन कॅचच्या भोवती गरम टोक जास्त वेळ टेकवू नका, प्लास्टिक आत झुकलं की बटण अडकतं किंवा मॅगझीन आपणहून खाली पडत नाही. ग्लॉकच्या मुठीत मॅगझीन ज्या विहिरीत सरकतं तिच्यामागे पोकळी असते, त्यामुळे पाठीची भिंत पातळ आहे. तिथला उंचवटा घासायला गेलात तर थेट पोकळीत भोक पडतं. ज्यांना तो काढायचाच असतो ते आधी पोकळी इपॉक्सीने भरतात, घरी पहिल्यांदा करणाऱ्याने ते करू नये. ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीच्या, खाली मधलं बोट दाबलं जातं तो भाग गुळगुळीत ठेवा. तिथे घट्टे पडण्याची तक्रार एवढी जुनी आहे की या दुखण्याला इथे पिस्तुलाच्या नावानेच ओळखतात. अंगठा आणि तर्जनीमधल्या खोबणीत, मुठीच्या अगदी वरच्या टोकालाही ठिपके नकोत. तिथली कातडी नाजूक.

आणि नळीच्या खाली, फ्रेमच्या पुढच्या भागात जी पोलादाची छोटी पट्टी बसवलेली असते, तिच्यावर सीरियल नंबर आहे. तिच्या जवळपासही आयर्न नेऊ नका. नंबर खोडलेलं हत्यार नुसतं जवळ असणं हाही फेडरल गुन्हा आहे.

झालं की कडक नायलॉन ब्रशने घासा, टोकावरचे सुटे कण निघतात. पहिले काही दिवस हाताला टोचेल. टोचणं कमी करायला बारीक पॉलिश पेपरचा एकच हलका हात फिरवा. हीट गन फिरवून मऊ करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ठिपके मऊ होतीलच, सोबत मूठही वाकडी होईल.

प्रश्न: मी एच-वन-बी वर आहे. ऑफिसातला अमेरिकन मित्र त्याचं पिस्तूल माझ्याकडे दोन दिवस ठेवायला तयार आहे. मला हस्तकलेची आवड आहे, त्याला स्टिपलिंग करून देईन म्हणतो. पैसे घेणार नाही. चालेल ना?
— एक वाचक, शार्लट

उत्तर: नाही. आणि हे उत्तर जरा ठळक छापा अशी संपादकांना विनंती आहे, कारण आपल्या लोकांत याबद्दल फार गैरसमज आहे.

नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळी जवळ बाळगणं फेडरल कायद्याने मना आहे. विकत घेणं तर सोडाच, मित्राने दोन दिवस ठेवायला दिली तरी ती तुमच्या ताब्यात आली. एच-वन-बी, एच-फोर, विद्यार्थी व्हिसा सगळे यात येतात. अपवाद आहेत, त्यातला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे एखाद्या राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. त्याच्या भरवशावर पाऊल टाकायचं असेल तर आधी या विषयातल्या वकिलाला गाठा. मासिकातली ताई ग्रीन कार्डाची फाइल वाचवू शकत नाही. ग्रीन कार्ड मिळालं की ही बंदी उठते, मग राज्याचे नियम पाहायचे.

पण तुमची आवड मारायची गरज नाही. मित्राचं पिस्तूल सिग पी-३२० असेल तर मार्ग आहे. ग्लॉकमध्ये नंबर फ्रेमवर असतो, म्हणून कायद्याच्या नजरेत ती प्लास्टिकची फ्रेम म्हणजेच बंदूक. पी-३२० मध्ये नंबर असतो आतल्या पोलादी फायर कंट्रोल युनिटवर, म्हणजे ट्रिगरच्या यंत्रणेवर. बाहेरची मूठ हा नुसता सुटा भाग, तो वेगळा विकत मिळतो आणि फेडरल कायद्याने ती बंदूक नाही. अमेरिकन लष्कराने २०१७ साली निवडलेलं एम-१७ याच घडणीचं. मित्राला म्हणा, आतला पोलादी भाग, स्लाइड, नळी, मॅगझीन, गोळ्या सगळं तुझ्याच घरी ठेव आणि रिकामी मूठ मला दे. बिघडली तर नवी मूठ घेता येते, म्हणून शिकणाऱ्यांनाही मी हीच सुचवते.

याला जोडून डेन्व्हरहून एकांनी विचारलंय, की शनिवार-रविवारी पैसे घेऊन लोकांच्या फ्रेम करून दिल्या तर? तो मग धंदा झाला, आणि गनस्मिथचा धंदा करायला फेडरल परवाना लागतो. परवानाधारकाकडे मात्र तुम्ही दुसऱ्या राज्यातूनही काम करून घ्यायला पिस्तूल पाठवू शकता आणि तो ते थेट तुमच्याकडे परत पाठवू शकतो, मधे दुसरा दुकानदार लागत नाही. पाठवण्याआधी कुरियरचे स्वतःचे नियम विचारा, ते कायद्यापेक्षा कडक असतात.

प्रश्न: माझे हात लहान आहेत. रेंजवरच्या मुलाने सांगितलं की स्टिपलिंग केलं की मूठ लहान होते. खरं का?
— सौ. मे. पा., एडिसन

उत्तर: मूठ लहान होत नाही. आधी घासून सपाट करताना पृष्ठभाग किंचित खाली जातो, तो हाताला कळेल इतका नसतो. उलट ठिपक्यांचे काठ वर येतात. त्या मुलाने बहुधा ग्रिप रिडक्शन म्हणजे मूठ तासण्याचं काम आणि हे काम एकत्र केलं.

ताई, तुमचा प्रश्न पोताचा नाहीच, मापाचा आहे. पिस्तूल रिकामं करून पकड घ्या. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य ट्रिगरवर येतोय आणि नळी मनगटाच्या सरळ रेषेत राहतेय का ते बघा. त्यासाठी मूठ हातात फिरवून धरावी लागत असेल तर कितीही ठिपके पाडा, उपयोग नाही. चौथ्या पिढीपासून ग्लॉकची मूळ मूठ थोडी कमी जाडीची आहे, वर पाठीच्या पट्ट्या बदलता येतात. स्मिथ अँड वेसन एम अँड पी सोबत वेगवेगळ्या जाडीच्या पाठी येतात. हेकलर अँड कॉखच्या व्हीपी-९ ला तर पाठीबरोबर दोन्ही अंगांच्या पट्ट्याही बदलता येतात, म्हणजे डावं-उजवं अंग वेगळ्या जाडीचं करता येतं. लहान हाताला मला तीच सगळ्यात सोयीची वाटते. दुकानात जाऊन चार-पाच हातात धरून बघा, विकणाऱ्याचं तोंड बंद ठेवायला यजमानांना सोबत न्या किंवा नेऊ नका, तुम्हाला माहीत.

प्रश्न: नमस्कार मावशी. मी कमरेला आतल्या बाजूने होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, लावते. गेल्या वर्षी मूठ एकदम काटेरी करून घेतली. आता कमरेवर लाल चट्टा उठतो आणि कुर्त्याचं अस्तर कुरतडल्यासारखं झालंय. आईच्या पैठणीच्या पदराचा जर अडकला तेव्हा घरात जे झालं ते लिहीत नाही. काय करू?
— ऋ., डॅलस

उत्तर: ऋ., घरात काय झालं ते मी न लिहिता समजू शकते. पैठणीपुढे पिस्तुलाची काय कथा!

तुझ्या अडचणीचं मूळ असं आहे. उजव्या कमरेवर पिस्तूल लावलं की मुठीचं डावं अंग शरीराकडे येतं. आणि वर ह्यूस्टनच्या भाऊंना मी हेच सांगितलं, की पोताचा सगळ्यात जास्त फायदा डाव्या अंगालाच होतो. म्हणजे रेंजवर जी जागा हवी, तीच दिवसभर कातडी सोलते. रेंजसाठी एक पिस्तूल आणि बाळगायला दुसरं असेल तर प्रश्न मिटला, रेंजचं काटेरी करा. एकच असेल तर तडजोड. डाव्या अंगाचा वरचा भाग गुळगुळीत, खालच्या दोन-तृतीयांशावर मध्यम पोत, पुढच्या पट्टीवर हवा तेवढा काटेरी, कारण ती अंगाला लागत नाही.

तुझं काम आधीच झालेलं आहे, म्हणून नवे ठिपके पाडायला नको. बारीक पॉलिश पेपर घे, शक्यतो ओला, आणि डाव्या अंगाचे फक्त शेंडे खाली आण. चार हात फिरव, कमरेला लावून बघ, पुन्हा चार हात. एकदम सपाट करू नकोस. पुन्हा टाकी लावायला भिंत तेवढीच आहे, प्रत्येक खेपेला पातळ होते. होल्स्टर असा घे की त्याची आतली भिंत वर येऊन मुठीचा वरचा भाग झाकेल, आणि आत सुती बनियन घालत जा.

साडीत कमरेला पिस्तूल लावायच्या भानगडीत पडू नकोस. निऱ्या, परकर आणि होल्स्टर यांचं जमत नाही. पर्समध्ये ठेवायचं तर त्यासाठीचा वेगळा कप्पा असलेली पर्स हवी, आत होल्स्टर हवाच आणि पर्स क्षणभरही खुर्चीवर टाकून जाता येत नाही, घरात पोरं असतील तर मुळीच नाही. टेक्ससमध्ये २०२१ पासून परवान्याशिवाय बाळगता येतं, म्हणून सगळीकडे नेता येतं असं नाही. मंडळाचा गणपती बऱ्याच गावांत शाळेच्या सभागृहात बसतो. तिथे पिस्तूल गाडीत नेण्याआधीसुद्धा कायदा वाचायचा. खासगी हॉलच्या दारावर ३०.०६, ३०.०७ असे कायद्याच्या कलमांचे आकडे असलेली, पिस्तूल आत आणू नका सांगणारी पाटी दिसली तर तीही शोभेची नसते.

प्रश्न: मी पुण्याचा, अंक बहिणीकडून येतो. माझी मुलगी पंधरा वर्षांची, बालेवाडीला दहा मीटर एअर पिस्तूलचा सराव करते. अक्रोडाच्या लाकडाची मूठ आहे, हात घामाने सटकतो. लाकडावर हे करता येतं का? आणि दुसरं, मेहुणे परत यायचं म्हणतात, त्यांचं स्टिपलिंग केलेलं नऊ एमएम इकडे आणता येईल का?
— वि. दे., पुणे

उत्तर: दुसरं आधी. नऊ एमएम पॅराबेलम भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापात, मोडतं, सामान्य परवान्यावर ते मिळत नाही. मेहुण्यांना म्हणावं, इथेच विकून या. मुठीवर केलेल्या कामाचे वेगळे पैसे येणार नाहीत, उलट थोडे कमीच येतील. दुसऱ्याच्या हाताच्या मापाची मूठ कोण घेतो?

आता मुलीचं. तिच्या एअर पिस्तुलाला परवान्याची कटकट नाही, आणि लाकडावर काम करायला आयर्न लागत नाही. अक्रोडाच्या मुठींवर कारखान्यातच टोचणीने किंवा फिरत्या बारीक कटरने ठिपके पाडलेले असतात. वर्षा-दोन वर्षांत ते घामाने आणि हाताच्या मळाने बुजतात. आधी कोरड्या नायलॉन ब्रशने नीट साफ करा. अर्ध्या वेळा तेवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर बुजलेले ठिपके बारीक टोचणीने पुन्हा मोकळे करा. लाकूड ओलं करू नका, वॉर्निशचा थर तर अजिबात देऊ नका, त्याने हात अजून घसरतो.

पण बाबा, तिची मूठ तिच्या मापाची आहे का ते बघितलंत? पंधराव्या वर्षी हात वाढतोय. एअर पिस्तूल एका हाताने धरायचं असतं, तिथे दुसरा तळवा सांभाळायला नाही. मूठ सैल असेल तर पोरगी बोटं आवळते आणि गोळी खाली-डावीकडे जाते. नेमबाज मोकळ्या जागी दोन भागांची लाकडाची पुटी भरतात, हाताचा ठसा घेतात आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने मारून आणतात. प्रशिक्षकांसमोर करा. नियमाची मर्यादा लक्षात ठेवा: तळहाताखालच्या आधाराचा मुठीशी कोन ९० अंशांपेक्षा कमी नको, आधार वर वळलेला नको, मनगट मोकळं हवं, आणि अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. रुंदीचे ते ५० मिलिमीटर फसवतात. पुटी भरता भरता मूठ जाड होते आणि स्पर्धेच्या सकाळी तपासणीत पेटीत जात नाही. घरी पुठ्ठ्याची तशी पेटी करून ठेवा.

आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं, तो प्रकार वेगळा, पिस्तूल पॉइंट टू टू बोअरचं. तुमची लेक पुढे तिकडे वळली तर ट्रिगर दुप्पट जड मिळेल, ५०० ग्रॅमऐवजी १००० ग्रॅमचा, आणि झटकाही येईल. तेव्हा मुठीचा विचार पुन्हा पहिल्यापासून.

थोडक्यात उत्तरं

प्र. सु., सॅन होजे: लेझरने केलेलं आणि हाताने केलेलं यात लेझर नेमकं, एकसारखं आणि उथळ. हाताचं खोल आणि काठ उचललेलं. दिसायला लेझर, पकडीला हात. माझा धंदा हाताचा आहे, हे लक्षात घेऊन वाचा.

डॉ. ना., क्लीव्हलंड: सिलिकॉन कार्बाइडची खडी इपॉक्सीत बसवून करतात तो पोत पॉलिश पेपरसारखाच असतो. पकड जबरदस्त. तुमच्यासारख्या शस्त्रक्रिया करणाऱ्याने स्वतःच्या हातांवर हा प्रयोग करू नये.

गौ., ॲटलांटा: स्पर्धेत चालतं की नाही हे तुम्ही कोणत्या संघटनेच्या कोणत्या विभागात उतरता त्यावर आहे. कुठे टेप चालते, कुठे कोणत्या जागी ठिपके चालतात, हे नियमपुस्तकात विभागवार दिलेलं असतं. आयर्न तापवण्याआधी यंदाची आवृत्ती वाचा, मागच्या वर्षीची नको.

श्री. व सौ. ब., सिॲटल: थंडीत हातमोजे घालून झाडत असाल तर काटेरी पोत मोज्याचा कापूस करतो. मध्यम ठेवा. सायकलची जुनी ट्यूब कापून मुठीवर चढवण्याची श्री. ब. यांची युक्ती मला पसंत आहे, फक्त ट्यूब घट्ट हवी आणि मॅगझीनचं बटण मोकळं. पावसात भिजली की काढून वाळवा, नाहीतर ती मुठीभोवती गोल फिरते.

ह. रा., टॅम्पा: ठिपक्यांत अडकलेला मळ काढायला फ्रेम मोकळी करा, कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब आणि जुना टूथब्रश. ब्रेक क्लीनर किंवा ॲसिटोन नको. पूर्ण वाळल्यावरच भाग परत बसवा, आणि तो टूथब्रश गॅरेजमध्येच ठेवा.